लेण्यात मोहोळ उठलं त्या दिवशी

माझ्या धाकट्या भावाला मी किडनी द्यायची असं घरात ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं. आमच्या बजाजनगरच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर बायकांनी मला मध्ये बसवून टाळ्या वाजवल्या. एका आजींनी तर पाया पडायला हात पुढे केला. मी तो वरच्यावर धरला. दान म्हणजे काय ते ताईंकडं बघून कळतं, असं कुणीतरी म्हणालं. मी हसले, चहा घेतला, घरी आले आणि न्हाणीघराचं दार लावून नळ सोडून खूप वेळ उभी राहिले. मला द्यायची नव्हती असं नाही. पण मला प्रचंड भीती वाटत होती, आणि ती सांगायला घरात किंवा विहारात एकही माणूस उरला नव्हता, कारण सगळ्यांनी मला आधीच धीराची ठरवून टाकलं होतं.

सुमेध माझ्याहून बराच लहान. चिकलठाण्याला एका कारखान्यात मशीनवर काम करायचा. डोकं दुखतं म्हणून गोळ्या घ्यायचा आणि ड्यूटीवर जायचा. रक्तदाब कधीचा वाढलेला होता, तो कुणी मोजलाच नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. मग डायलिसिस सुरू झालं. दंडावर सुईच्या जागी गाठी आल्या, चेहरा मातीच्या रंगाचा झाला. त्याची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. ती बापाच्या दंडावर, डायलिसिससाठी शीर जोडली होती तिथं, कान ठेवून आतली घरघर ऐकायची आणि म्हणायची, पप्पाच्या हातात गाडी चालते. त्याच्या बायकोचा, रेखाचा, रक्तगट जुळला नाही. आईला साखर. माझं मात्र सगळं जुळलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा आई रडली, रेखानं मला मिठी मारली आणि सुमेध भिंतीकडं तोंड करून बसला.

त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात राहायलाच आली. भाजी चिरताना सुरीचं पातं बघितलं की पोटाच्या डाव्या बाजूला गार काहीतरी फिरायचं. शेजारी कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला भूल उतरली नाही, अशा गोष्टी मला नेमक्या त्याच दिवसांत ऐकू यायला लागल्या. थोरली मुलगी कॉलेजात, धाकटी दहावीत. त्यांच्याकडं बघितलं की वाटायचं, या दोघींचं काय? माझे मिस्टर वाळूजच्या कंपनीत. ते जेवताना माझ्या ताटात आपली भाकरी सरकवायला लागले, आणि त्यानं मला जास्तच भीती वाटायची.

मी स्वतः विहारात बायकांना आनापान शिकवायची. डोळे मिटा, श्वास आत येतो तो बघा, बाहेर जातो तो बघा, मन पळालं तर रागावू नका, परत आणा. हे सगळं मी किती सहज सांगत होते! आता मी डोळे मिटून बसले की श्वासच अंगावर यायचा. छाती भरायची ती रिकामी होतेय की नाही, याचीच धास्ती वाटायची. ज्या दोरीला धरून मी इतरांना चालायला शिकवलं, ती माझ्याच हातात तुटल्यासारखी झाली. वरून लाज वाटायची. अनित्य, अनित्य म्हणून इतरांना समजावणारी बाई स्वतःच्या शरीराचा एक तुकडा द्यायच्या कल्पनेनं घाबरून जाते, हे कुणाला सांगणार?

आमच्या वरच्या मजल्यावर कन्नडकडच्या एक बाई राहतात. शेतकरी घरातल्या, देवाधर्माच्या. त्या एक दिवस जिन्यात भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, तुमच्यात नवस चालत नाय, माहीत हाये मला. पण मी बोलू का तुमच्यासाठी? माझ्या देवाला मी सांगते. फेडीन बी मीच."

मला त्यांच्या बोलण्यानं इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. आणि त्याचवेळी आतून एक कळ उठली. त्यांना सांगायला कुणीतरी होतं. आमच्या वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं की बुद्ध वाट दाखवतात, चालायचं आपण. मागायचं कुणाकडं काही नाही. वडील असते तर मी त्यांना विचारलं असतं, दादा, चालायला पायच उचलेना झाले तर काय करायचं? पण ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासासाठी विहारात उतरलेल्या भिक्खूंना, भंतेजींना, मी एकदा धीर करून विचारलं. ते इतकंच म्हणाले, "मी घाबरले, असं म्हणू नका. भीती आहे, असं म्हणा. आणि ती आहे तोवर असू द्या." मी हात जोडून उठले, पण मला त्यांचा रागच आला. बोलायला काय जातं, असं वाटलं. माझ्या पोटावर चिरा पडणार होता, त्यांच्या नाही.

ऑपरेशनच्या आधी देणाऱ्या माणसाशी डॉक्टर एकट्यात बोलतात, हे मला माहीत नव्हतं. दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही सगळे सकाळीच जालना रोडवरच्या हॉस्पिटलात गेलो होतो. मला एका लहानशा खोलीत नेलं. समोर एक वयस्कर डॉक्टर मॅडम होत्या, आवाज मऊ. त्यांनी दार लावून घेतलं. घरचं विचारलं, मुलींचं विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"भीती वाटते?"

माझ्या मांडीवरचे हात आपोआप एकमेकांत गुंतले. ते बघून मॅडम म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. अगदी टेबलावर झोपेपर्यंत. आणि नाही म्हणालात तर घरच्यांना आम्ही कारण सांगत नाही. तपासणीत तुम्ही योग्य ठरला नाहीत, एवढंच सांगतो. तुमच्यावर कुणी बोट दाखवणार नाही."

मला वाटलं, खोलीची एक भिंतच उघडली. बाहेर पडायची वाट होती. कुणाला कळणार नव्हतं. आई म्हणाली असती, नशीब. रेखा रडली असती, पण माझ्यावर रागावली नसती. विहारातल्या बायकांनी उलट माझीच समजूत काढली असती. मी मॅडमना म्हणाले, "मला उद्यापर्यंत वेळ द्या." त्या म्हणाल्या, "हवा तेवढा घ्या."

बाहेर आले तर बाकावर आई, रेखा, सुमेध बसलेले. सुमेधनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि नजर खाली केली. मी म्हणाले, मेडिकलमधून काहीतरी आणायचंय, येतेच. आणि जिना उतरून, गेटाबाहेर येऊन, समोर थांबलेल्या रिक्षात बसले. कुठं जायचं विचारल्यावर तोंडातून निघालं, लेणी. विद्यापीठामागच्या डोंगरातली आमची लेणी. वडील लहानपणी आम्हा दोघांना तिथं न्यायचे. एवढं एकच ठिकाण मला त्या क्षणी आठवलं, जिथं कुणी मला काही विचारणार नव्हतं.

रिक्षावाल्यानं पायथ्याशी सोडलं. ऊन चांगलंच तापलं होतं. पायऱ्या चढताना धाप लागली, तरी मी थांबले नाही. आठवड्याचा मधला वार असल्यानं गर्दी नव्हती. पहारेकरी सावलीला बसलेला, एक-दोन कुटुंबं, झाडाखाली डबे उघडलेले. वरून शहर धुरकट दिसत होतं, मकबऱ्याचे मिनार, त्यापलीकडं इमारती. त्यातच कुठंतरी ते हॉस्पिटल होतं आणि बाकावर माझी माणसं बसली होती. मी पाठ फिरवली आणि लेण्याच्या ओसरीत शिरले.

तिथं भिंतीवर एक मोठं शिल्प आहे. मधोमध बोधिसत्त्व उभा आणि दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसं कोरलेली. कुणाच्या मागं हत्ती लागलाय, कुणाला सापानं गाठलंय, कुठं आग, कुठं बुडणारी नाव, कुठं चोर. प्रत्येक जण हात जोडून मधल्या त्या उंच मूर्तीकडं बघतोय. लहानपणी वडील आम्हाला या चौकटी दाखवायचे आणि लगेच म्हणायचे, हे नंतरच्या लोकांनी आणलेलं. भगवंतांनी कुणाला हाका मारायला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी मात्र मी त्या दगडी माणसांपुढं उभी राहिले आणि मला त्यांचा हेवा वाटला. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी घाबरलेल्या माणसांसाठीच ही भिंत कोरली होती. म्हणजे तेव्हाही माणसं माझ्यासारखीच भीत होती. मी हात जोडले नाहीत. जोडावेसे वाटले, पण वडिलांची आठवण झाली. मी खांबाला टेकून खाली बसले आणि मनाशी ठरवून टाकलं की उद्या मॅडमना नाही म्हणून सांगायचं. ठरवलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आधी बाहेर कुणीतरी ओरडलं. मग पळापळीचा आवाज. मग एक घुमणारा आवाज आला, जसा लांबून ट्रक चढावर येतो तसा, आणि तो वाढतच गेला. डोंगराच्या कपारीत आग्या मोहोळ असतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कशानं उठलं ते मला आजही माहीत नाही. मी ओसरीच्या कडेला आले आणि बघितलं तर हवा काळी झाली होती. झाडाखालचे लोक डबे टाकून पळत होते. एक माणूस हात झाडत, गोल गोल फिरत ओरडत होता. पहिली माशी माझ्या मनगटावर बसली आणि डसली. मी किंचाळले आणि पळायला निघाले, सरळ बाहेर, पायऱ्यांकडं, जिथं त्या सगळ्यात जास्त होत्या.

कुणीतरी माझा दंड मागून धरला. इतका घट्ट की खांद्यात कळ आली.

"बाहेर कुठं पळायलीस? आत चल, आत!"

साठीच्या एक बाई होत्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळाला मोठं कुंकू. मी त्यांना त्याआधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी मला ओढतच लेण्याच्या आत नेलं, मूर्ती आहे त्या गाभाऱ्यात. आत काळोख होता, वटवाघळांचा वास येत होता. बसलेल्या बुद्धाच्या पायाशी, भिंतीच्या कोपऱ्यात त्यांनी मला खाली दाबलं. त्यांच्या खांद्यावर एक सुती चादर होती, बसायला आणली असावी. ती त्यांनी माझ्या डोक्यावरून टाकली, चारी बाजूंनी अंगाखाली खोचली आणि उरलेल्या जागेत स्वतः माझ्या पाठीवर वाकल्या. चादर दोघींना पुरेल एवढी नव्हती. ते मला नंतर कळलं.

"हालू नको, पोरी. हात झाडू नको. गप ऱ्हाय. अंधारात जास्त येत नाय त्या."

पण काही आत आल्याच होत्या. चादरीवर त्या चालत होत्या, ते कापडातून गालाला कळत होतं. कानाशी घों घों. पिशवीत फोन वाजायला लागला, बंद झाला, पुन्हा वाजला. तो बंद करायला हात हलवायची सोय नव्हती. ओरडावं, चादर फेकावी, उठून पळावं, असा एक जोराचा लोट पोटातून वर आला. आणि त्याच क्षणी त्या बाईंच्या तोंडून "स्स" असा आवाज निघाला. त्यांना डसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

मग मी एकच करू शकत होते. मी श्वासाकडं बघितलं. बघितलं म्हणजे दुसरं काही करायला उरलंच नव्हतं. आत आला. चादरीला मातीचा आणि तेलाचा वास होता. बाहेर गेला. भीती होती. ती छातीत होती, मानेत होती, गुडघ्यांत होती. मी तिला घालवायचा प्रयत्न केला नाही, कारण हलणं म्हणजे माझ्यासाठी अंगावर घेणाऱ्या त्या बाईला माश्या आणखी डसू देणं होतं. भीती आहे, असं मी मनात म्हणाले. भंतेजींचे शब्द होते ते, पण त्या वेळी ते मला भंतेजींचे म्हणून आठवलेही नाहीत. भीती आहे आणि मी बसले आहे. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. पाठीवर त्या बाईंचा श्वास लागत होता, जड, थांबत थांबत. मी माझा श्वास त्याच्याबरोबर सोडायला लागले. केव्हातरी फोन वाजायचा थांबला. केव्हातरी तो घुमणारा आवाज लांब गेला.

पहारेकरी आला, त्यानं हाक मारली, तेव्हा आम्ही उठलो. उजेडात मी त्या बाईंकडं बघितलं. एक डोळा सुजून बंद झाला होता. मान, हात, कानाची पाळी, सगळीकडं गांधी आणि काटे. मला मिळून तीन-चारच डसल्या असतील. मी त्यांना ओसरीत बसवलं, बाटलीतलं पाणी पाजलं आणि नखानं खरवडून एकेक काटा काढायला लागले.

त्या कन्नडजवळच्या एका खेड्यातल्या. लेक आणि जावई चिकलठाण्याला राहतात, त्यांच्याकडं आल्या होत्या, म्हणून जावयानं लेणी दाखवायला आणलेलं. बाकीची मंडळी पलीकडच्या लेण्यात अडकली होती.

मी विचारलं, "तुमची माणसं तिकडं होती. तुम्ही माझ्याकडं कशाला आलात? मला तर ओळखतही नाही तुम्ही."

त्यांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"तू जवळ होतीस म्हून," त्या म्हणाल्या. "लांब असतीस तर कशाला आले असते?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. लई वाटली." आणि त्या सुजलेल्या ओठांनी हसल्या. "ती वाटती म्हून काय माणूस टाकून द्यावं व्हय?"

तेवढ्यात लेक रडतच आली, मागून जावई. बाईंना एकदम चक्कर यायला लागली, धाप लागली. जावयानं आणि पहारेकऱ्यानं त्यांना उचलूनच पायऱ्या उतरवल्या. मी चादर घेऊन मागं मागं धावले. गाडीत त्यांना निजवताना ती मी त्यांच्या अंगावर टाकली. नाव विचारायचं राहिलं. सरकारी दवाखान्यात नेतोय, एवढं जावयाचं बोलणं कानावर पडलं आणि गाडी गेली. मी रस्त्यात उभी राहिले. त्यांना काही झालं तर? सकाळपासून पहिल्यांदाच मी स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या कुणासाठी भीत होते.

मग फोन बघितला. सगळे कॉल सुमेधचे होते. मी लावला.

"ताई, कुठं आहेस तू?"

"लेण्यांत."

तो म्हणाला, "ऐक. तू परत येऊ नकोस इकडं. सरळ घरी जा. मी डॉक्टरांना सांगतो की मलाच ऑपरेशन नको. माझं डायलिसिस चाललंय ना, चालू दे. मला दिसत होतं गं तुझ्या तोंडावर. आई-रेखासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून फोन करत होतो."

त्या अंधारात, चादरीखाली, फोन सारखा वाजत होता तो यासाठी. मला सोडवायला. जो मरणाच्या दारात होता तो मला म्हणत होता, तू जा. मी पायथ्याच्या पायऱ्यांवर बसले आणि पोटभर रडले. तो पलीकडून नुसता "ताई, ताई" म्हणत राहिला.

"सुमेध," मी म्हणाले, "मला फार भीती वाटते रे."

"माहीत आहे."

"ती जाणार नाही बहुतेक. पण मी येते. तू कुणाला काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मी सरकारी दवाखान्यात गेले. नाव माहीत नसल्यामुळं विचारणार तरी काय? मोहोळ उठलं होतं त्यातल्या, नऊवारी नेसलेल्या, कन्नडकडच्या बाई, असं सांगत मी वॉर्डावॉर्डात फिरले. शेवटी एका नर्सबाईंना आठवलं. इंजेक्शनं दिली, रात्रभर ठेवलं, सकाळी आपल्या पायांनी चालत गेल्या, असं त्या म्हणाल्या. मला एवढं पुरे होतं. मी तिथून जालना रोडला गेले.

डॉक्टर मॅडमनी पुन्हा दार लावून घेतलं. माझं मनगट सुजलेलं बघून सगळी हकिकत विचारली. मग तोच प्रश्न आला. मी म्हणाले, "मॅडम, भीती वाटते. कालही वाटत होती, आजही वाटते. तिच्यामुळं मी नाही म्हणणार नाही, आणि ती नाही असं खोटंही सांगणार नाही." मॅडम म्हणाल्या, हे उत्तर चालेल.

माश्या डसल्यामुळं ऑपरेशन थोडं पुढं गेलं, पुन्हा रक्त तपासलं. शेवटी तो दिवस आला. थिएटरमधली थंडी, वरचे दिवे, हिरवे कपडे. भीती आलीच. ओळखीच्या माणसासारखी आली, छातीत बसली. मी श्वासाबरोबर राहिले. कुणाला हाक मारली नाही, काही मागितलं नाही. मास्क लावला तेव्हा फक्त पाठीवर एक जड, थांबत थांबत येणारा श्वास असल्यासारखं वाटलं. भास असेल. मी त्याविषयी वाद घालत नाही.

जागी झाले तेव्हा वेदनेशिवाय काही नव्हतं. पहिला प्रश्न सुमेधचा विचारला. ठीक आहे, असं सगळे म्हणाले, पण कुणी माझ्या डोळ्यांत बघत नव्हतं. नंतर कळलं की किडनी बसवली, पण ती कामाला लागलेली नव्हती. कधीकधी वेळ लागतो, डॉक्टर म्हणाले. कधीकधी लागतच नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याचं डायलिसिस पुन्हा सुरू झालं. हे दिवस मला सगळ्यात अवघड गेले. देताना भीती होती, पण देणं माझ्या हातात होतं. आता काहीच हातात नव्हतं. बाजूला वळता येत नव्हतं, खोकला आला तर टाके ओढायचे, आणि डोक्यात एकच, वाया गेलं का? काच लावलेल्या खोलीत तो, इकडं मी. डोळे मिटून पडल्या पडल्या मी मनात म्हणायची, ती आता माझी नाही. माझी असताना मी तिचं काही केलं नव्हतं, आताही काही करू शकत नाही. म्हणायची आणि पुढच्याच क्षणी पुन्हा काळजी घेरायची. पुन्हा म्हणायची. त्यात काही सिद्धी नव्हती. नुसतं पुन्हा पुन्हा सोडणं होतं.

एका दुपारी रेखा दारातून धावत आली. चप्पल एकाच पायात.

"ताई," ती म्हणाली, "लघवी झाली! ताई, पिशवी भरली!"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मावशी दचकून उठल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनीच आधी हात जोडले. आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडत होती. मला हसायला येत होतं आणि हसलं की टाके दुखत होते. लघवी झाली म्हणून आनंदानं रडणारं कुटुंब कुणी पाहिलं नसेल. पण माझ्या आयुष्यात त्याहून पवित्र बातमी मी ऐकलेली नाही.

सुमेध आता बरा आहे. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, तपासण्या चालूच राहतील. तो पुन्हा कामावर जातो. मीही ठीक आहे. विहारात पुन्हा आनापान शिकवते, पण पूर्वीसारखं सांगत नाही. श्वास बघितला की भीती जाते, असं मी आता कुणाला म्हणत नाही. ती यायची तेव्हा येते. मुलगी उशिरा घरी आली तरी येते, सुमेधचा रिपोर्ट यायचा असला तरी येते. पूर्वी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे जिथं भीती पोहोचणार नाही अशा जागी जाऊन बसणं. त्या गाभाऱ्यात भीती पोहोचली होती, माश्याही पोहोचल्या होत्या. तरी मी तिथं बसू शकले, कारण माझ्यावर कुणीतरी वाकलं होतं आणि मला हलायचं नव्हतं. शरण या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे. आमच्या धम्मात मागायला कुणी नाही, हे वडिलांचं म्हणणं मला आजही मान्य आहे. पण न मागता येणारं कुणी असतं, हे मी माझ्या पाठीवर अनुभवलं आहे.

त्या बाईंचा पत्ता मला पुढंही लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गावाकडं चौकशी केली, पण कन्नड तालुक्यात अशा किती बायका असतील. वंदनेच्या शेवटी आम्ही मैत्रीभावना करतो, सर्व प्राणी सुखी होवोत म्हणतो. त्यातला 'सर्व' हा शब्द मला आधी फार मोघम वाटायचा, तोंडातून निघायचा आणि विरून जायचा. आता तो शब्द आला की मी क्षणभर थांबते. एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला, हसणारा चेहरा समोर येतो. ज्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत त्यांच्यासाठीच हा शब्द केलेला असणार. मग त्या काळ्या, घुमणाऱ्या माश्याही आठवतात, आणि त्यांनाही मी त्यातून वगळत नाही.